प्रत्येक उत्तराला छान

ज्या वर्षी थोरा नेस्विगच्या आईने पन्नाशी ओलांडल्यावर शेजारच्या शेतातल्या पाल्मर ऐडेशी दुसरं लग्न केलं, ते १९६१ साल. त्याच उन्हाळ्यात थोराने मुलांच्या बोलण्याचा अभ्यास हाती घेतला, म्हणून ते साल तिच्या कायम ध्यानात राहिलं. लग्न वर चर्चमध्ये झालं आणि कॉफी खाली तळघरात. पाल्मर पाद्रीसमोर "हो" म्हणाला आणि त्यानंतर दिवसभर काही बोलला नाही. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. अमेरिकेतल्या रेड नदीकाठच्या त्या सपाट, काळ्या मातीच्या मुलखात पुरुष बोलत नसत. साखरेसाठीचं बीट लावत, बीट काढत, पातळ कॉफी पीत आणि उद्या वारा सुटेल असं वाटतं, एवढं एकमेकांना सांगत.

थोरा तेव्हा तिशीत होती. पूर्वेकडे शिकून, मानसशास्त्रातली पदवी घेऊन ती नदीपलीकडच्या विद्यापीठात नुकतीच लागली होती. बटाट्याच्या पातळ पोळ्यांचं ताट फिरवता फिरवता तिने बायकांना सांगितलं, की मला चार वर्षांची मुलं हवी आहेत. नीट बोलणारीही हवीत आणि न बोलणारीही. दर उन्हाळ्यात एकदा इथेच तळघरात भेटायचं, त्यांचं बोलणं टेपवर घ्यायचं, मुलं मोठी होईपर्यंत.

"म्हणजे बोलणं मोजणार म्हण की," गुद्रुन मावशी म्हणाली. "बरं झालं बाई, आमच्या नवऱ्यांचं मोजायला नाही आलीस. टेप कोरीच परत गेली असती."

"आमच्याकडे कुत्रा बोलतो तेवढंच," दुसरी म्हणाली.

"तुझा कुत्रा निदान विचारल्यावर तरी ओ देतो!"

बायका तोंडाला रुमाल लावून हसल्या. मोरीपाशी कपबशा विसळणारी एक तरुण बाई तेवढी हसली नाही. सगळ्या वर गेल्यावर ती हात पुसत थोराजवळ आली. तिचं नाव अर्डिस ब्रेक्के.

"माझा वर्लिन चारचा आहे," ती म्हणाली. "एकेक शब्द बोलतो. दोन जोडून नाही. सासूबाई म्हणतात, ब्रेक्केंचे पुरुष असेच, ऑर्विलसुद्धा उशिराच बोलला."

"आता बोलतात ना ते?"

"कोण, ऑर्विल?" अर्डिसने थोडा विचार केला. "आग लागली तर बोलेल."

असा वर्लिन थोराच्या अभ्यासात आला.

तळघरातल्या लांब टेबलाच्या एका टोकाला थोरा खेळण्यातलं शेत मांडायची. लाल कोठार, कुंपण, गाय, घोडा, ट्रॅक्टर. मग सांगायची, "गाय घोड्याला ढकलते. दाखव बघू." वर्लिनच्या हातात घोडा असला तर घोडा गाईला ढकलायचा. हातात गाय असली तर गाय ढकलायची. थोराच्या बोलण्याशी त्याचा काही संबंध नसे. गाय म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, ढकलणंही ठाऊक होतं. कोणी कोणाला, एवढं मात्र त्याच्या हाती लागत नसे.

आणि दर वेळी थोरा म्हणायची, "छान."

हे तिला शिकवलेलं होतं. परीक्षा घेणाऱ्याचा चेहरा भिंतीसारखा हवा, तिचे गुरू सांगत. उत्तर बरोबर असो की चूक, एकाच आवाजात एकच शब्द म्हणायचा. नाहीतर मूल विचार सोडून तुमच्या तोंडाकडे बघत बसतं आणि मग तुम्ही मोजता ती त्याची भाषा नसते, तुमच्या भुवया असतात. थोरा आरशासमोर उभी राहून हे शिकली होती. तिचा "छान" इतका सपाट होता की गुरूही तो ऐकून खूश झाले होते.

दुसरा नियम असा, की कुणाचं काय झालं ते अभ्यास संपेपर्यंत घरच्यांना सांगायचं नाही. सांगितलं की घरचे शिकवायला लागतात, आणि मग ही मुलं आपोआप सुधारतात की नाही हे कळायचं कसं? त्या काळी सगळेच म्हणत, डॉक्टरसुद्धा म्हणत, वाढेल तसं बोलेल. ते खरं की खोटं, हे थोराला शोधायचं होतं. त्याला दुसरा मार्ग तिला दिसत नव्हता.

मोजणी आटोपली की अर्डिस जिन्याच्या पायरीशी उभी असायची.

"कसं झालं?"

"खूप मन लावून केलं त्याने," थोरा म्हणायची. हेही शिकवलेलंच.

"बरं," अर्डिस म्हणायची आणि तिचा चेहरा उजळायचा.

वर्षं गेली. वर्लिन उंच झाला, खांद्यात रुंद झाला. शाळेचं नाव काढलं की त्याचं पोट दुखायचं, पण उन्हाळ्यात तळघराचा जिना तो धावत उतरायचा. थोराला त्याचा लळा लागला होता. तो आपल्याजवळ मोकळा होतो, याचा तिला मनातून अभिमानही वाटे.

तिच्या अभ्यासाला फळ आलं. तिने दाखवून दिलं की उशिरा बोलणारी काही मुलं खरंच इतरांना गाठतात, पण काही गाठत नाहीत. त्यांचे कान, डोकं, घर सगळं ठीक असतं आणि तरी भाषा त्यांच्या हातातून माशासारखी निसटते. ती वाढतात, तशी अडचणही त्यांच्याबरोबर वाढते. नुसतं थांबून चालत नाही, शिकवावं लागतं. थोराला मोठमोठ्या शहरांतून बोलावणी आली. तिचा शोधनिबंध वाचून शाळांनी बोलणं शिकवणाऱ्या बाई नेमल्या, वेगळे वर्ग काढले. त्या निबंधात वर्लिन होता, नाव न घेता, एका आकड्याच्या आड.

सोळाव्या वर्षी तो शेवटचा आला.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. इतकी वर्षं आलास. आभारी आहे मी तुझी."

त्याने मोठ्या माणसासारखा हात मिळवला. त्याच हिवाळ्यात त्याने शाळा सोडली आणि साखर कारखान्यात लागला. थोराने त्याची नोंद करून ठेवली. तिला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही.

पुढे त्याचं नाव तिच्या कानावर आलं ते थेट १९८६ च्या वसंतात. रेने ब्रेक्के नावाच्या बाईचा फोन होता.

"मी वर्लिनची बायको. आमची मारित चारची होईल आता. ती बोलत नाही हो. आई, पाणी, नको, एवढंच. शाळेच्या बाई म्हणतात आणा, आम्ही बघतो. पण वर्लिन नाही म्हणतो. कुणालाच दाखवायची नाही म्हणतो. मी वाद घालते तर उठून शेडमध्ये जातो."

"मला फोन केलाय हे त्यांना माहीत आहे?"

"माहीत आहे. तुमचं नाव काढलं तर ताट तसंच टाकून उठला."

थोराने फोन ठेवला तेव्हा तिच्या मनात दोन गोष्टी एकदमच आल्या, आणि पहिली कुठली आली हे तिने स्वतःलाही विचारलं नाही. एक अशी, की मुलीला शाळा सुरू होण्याआधी मदत मिळायला हवी. दुसरी अशी, की हा दोष घराण्यात उतरतो का, याचाच अभ्यास तिने नव्याने मांडला होता, आणि त्यासाठी अशी मुलगी तिला देशभर शोधून मिळाली नसती. बाप चौथ्या वर्षापासून टेपवर, आणि आता त्याची मुलगी त्याच वयाची.

शनिवारी ती गेली. नदीला नुकताच पूर येऊन गेला होता, रस्त्याकडेची शेतं अजून चकाकत होती. रेनेने कॉफी ओतली, खजुराच्या वड्या पुढे केल्या. टेबलाखाली एक मुलगी बसली होती, पिवळ्या केसांची, पाहुणीचे बूट न्याहाळत. वर्लिनने मान हलवली, टोपी घातली आणि मागच्या दाराने बाहेर गेला.

"बघितलंत?" रेने म्हणाली. "असं."

थोरा उठून त्याच्या मागोमाग शेडमध्ये गेली. तो ट्रॅक्टरचा एक सुटा भाग फडक्याने पुसत होता. ती थांबली. इतक्या वर्षांत एक गोष्ट ती त्याच्याबद्दल नक्की शिकली होती, की त्याला वेळ द्यावा लागतो.

"तुम्ही खोटं," तो म्हणाला. मग शब्द शोधत राहिला आणि सापडल्यावर पुन्हा म्हणाला, "खोटं बोललात."

"कधी?"

"तळघर. गाय, घोडा. मी करायचो. तुम्ही म्हणायचा, छान. पुढचं केलं, छान. सगळ्याला छान."

"हो. म्हणायचे."

"माझा बाप. बीट आलं, ट्रक भरून सांडलं, तर काय म्हणतो? वाईट नाही. बस. त्याच्यावर काही नाही. आमच्यात कोण म्हणतं छान? घरी नाही. शाळेत नाही. तुम्ही एकट्या."

थोराला तिचा स्वतःचा बाप आठवला. पदवी घेऊन ती घरी आली तेव्हा त्याने तो पदवीचा कागद भिंतीवरच्या दिव्याखाली धरून पाहिला होता आणि म्हणाला होता, वाईट नाही. तो शब्द तिने कितीतरी दिवस मनाशी जपला होता. या मातीत वाढूनही तिने इथल्या पोरांपुढे छान हा शब्द असा वाटला, जसा कुणी कोंबड्यांपुढे दाणे फेकतं. पूर्वेकडच्या मुलांना त्या शब्दाचं काही नसे, ती तो कानामागे टाकत. इथल्या मुलाने तो खरा मानला होता.

"सहावीत," वर्लिन म्हणाला. "शाळेची बाई आली घरी. म्हणाली, वर्लिनला वेगळा वर्ग. वाचायचा. शहरात. गाडी येईल न्यायला. आई म्हणाली, काही नको. विद्यापीठाच्या बाई बघतात दरवर्षी. त्या छान म्हणतात. त्या शिकलेल्या. तुम्हाला काय कळतं."

तो किंचित हसला. "मी पण म्हणालो. जोरात. मला वाटलं, शाळा माझ्यावर... शाळेचा डूख आहे. तुम्ही खऱ्या."

हे थोराला आजपर्यंत माहीत नव्हतं. ती ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभी राहिली.

"अर्डिसने मला विचारायचं तरी होतं," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला ते लागलं.

"विचारलं की," वर्लिन म्हणाला. "दरवर्षी विचारलं. जिन्यावर."

बाहेर कुणाची तरी गाडी खडीवरून गेली. वर्लिनने फडकं खाली ठेवलं.

"माझं चूक किती होतं?"

नियमाने ती अजूनही सांगू शकत नव्हती. अभ्यास संपलेला नव्हता. तो आता त्यांच्या मुलांपर्यंत लांबला होता.

"निम्म्याच्या वर," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी जवळजवळ सगळंच."

"तुम्हाला कळलं कधी? की हे जाणार नाही?"

"तू सातेक वर्षांचा असताना."

"मग?"

"मग मी ते लिहिलं. छापलं. दुसऱ्या गावांतल्या शाळांनी वाचलं, वर्ग सुरू केले."

"दुसऱ्या."

"हो. दुसऱ्या."

त्याने फडकं पुन्हा उचललं. मग त्याने जे विचारलं त्याची तिने अपेक्षा केली नव्हती.

"मग मी आळशी नाही?"

"नाही. कधीच नव्हतास."

"मास्तर म्हणायचे आळशी. बाप म्हणायचा. कारखान्यात म्हणतात, ब्रेक्के ऐकत नाही."

"तू ऐकतोस. ऐकलेलं तुझ्या हाती टिकत नाही. आणि तू मठ्ठही नव्हतास, वर्लिन. तेही आम्ही मोजलं होतं. ठोकळ्यांची कोडी होती, आठवतात? त्यात तू पुष्कळांच्या पुढे होतास."

"ते पण नाही सांगितलं."

"तेही नाही."

"चांगलं होतं ते! ते तरी सांगायचं!" तो एकदम ओरडला आणि स्वतःच दचकला. शेडच्या दाराशी रेने येऊन उभी होती, मुलीला कडेवर घेऊन.

थोराने माफी मागितली. माझं चुकलं, तुझंही नुकसान झालं आणि तुझ्या आईलाही मी फसवलं, असं ती म्हणाली. वर्लिनने ते ऐकून घेतलं. त्याने मुलीकडे बघितलं.

"हिला छान नको."

"नाही म्हणणार."

"चूक तर चूक म्हणायचं. बरोबर तर बरोबर. माझ्यासमोर. मी असेन तेव्हाच. नाहीतर नाही."

थोराला कळलं, की मुलीचं शिकणं आता या एका अटीवर उभं आहे. आणि तिला हेही कळलं, की त्या अटीने मोजलेलं काहीही तिच्या अभ्यासाला उपयोगाचं नाही. बाकी मुलांना भिंतीचा चेहरा दाखवायचा आणि एकीलाच चूक-बरोबर सांगायचं, तर तुलना कसली?

"तसं केलं तर मला तिचं काहीच धरता येणार नाही," ती म्हणाली. "तिचं नाव माझ्या अभ्यासात नसेल."

"नकाच धरू," वर्लिन म्हणाला. "तुमच्याकडे मी आहे."

ती म्हणाली, "बरं. पुढच्या शनिवारी येते."

सोमवारी विद्यापीठात तिच्या हाताखालचा कॅल्विन स्ट्रँड हे ऐकून खुर्चीतून उठलाच.

"नेस्विग बाई, तुम्ही काय घालवलंत कळतंय का? बाप-लेक, एकाच वयाच्या टेपा! असं घर पुन्हा मिळायचं नाही."

"घर कुठे पळून नाही गेलं, कॅल्विन. आपल्याला आत बसायला मिळतंय, तेवढं पुष्कळ."

"आणि मुलीला तोंडावर चूक म्हणणार? मला पहिल्या दिवशी आरशासमोर कुणी उभं केलं होतं? दुपारभर छान, छान! माझी बायको अजून हसते."

"तो आरसा काढून ठेव," थोरा म्हणाली. "आणि बस खाली. इथून पुढे आपण मुलांना छान म्हणायचं नाही. ऐकलं, असं म्हणायचं. कारण ते तरी खरं आहे. आणि मोजणी झाली की आईबापांना सगळं समजेल अशा शब्दांत सांगायचं. त्याच दिवशी."

"मग ते शिकवायला लागतील. आपले आकडे बिघडतील."

"बिघडू देत."

कॅल्विनने हात डोक्याला लावला. पण तो भला माणूस होता. महिन्याभरात नवे नियम त्यानेच लिहून काढले, आणि थोरापेक्षा चांगले लिहिले.

शनिवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर थोराने एक कुत्रा आणि एक मांजर मांडलं. वर्लिन दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, बूट न काढता, कधीही निघायच्या तयारीत. रेने मोरीपाशी, पाण्याचा नळ बंद करून.

"मारित, बघ. कुत्रा मांजराला ढकलतो. दाखव."

मारितच्या हातात मांजर होतं. मांजराने कुत्र्याला असं ढकललं की कुत्रा साखरेच्या भांड्यावर आपटला.

थोराचे ओठ सवयीने छान म्हणायला पुढे झाले होते. तिने ते मिटले. पंचवीस वर्षांत तिने कुठल्या मुलाला चूक म्हटलं नव्हतं आणि ते म्हणायचं कसं, हे तिला माहीत नव्हतं.

"चुकलं," ती म्हणाली.

तो आवाज भलताच कडक निघाला, अंगणातून कोंबडी हाकलावी तसा. मारितने डोळे मोठे केले. मग तिने मांजर भिरकावलं, ते रेनेच्या पायाशी पडलं, आणि मुलगी भोकाड पसरून टेबलाखाली गेली. रेने पुढे झाली. थोराने दाराकडे पाहिलं. आता तो म्हणेल, बास, आणि ते तिथेच संपेल, असं तिला वाटलं. तसं म्हणायचा त्याला हक्कही होता.

वर्लिनने बूट काढले. तो आला आणि टेबलापाशी जमिनीवरच बसला, मुलीला दिसेल असा. त्याने मांजर उचललं.

"मला सांगा," तो म्हणाला.

"काय?"

"मला सांगा. तिला सांगता तसं."

थोराही खुर्ची सोडून खाली बसली. तिचे गुडघे वाजले. तिने कुत्रा त्याच्यापुढे ठेवला.

"मांजराला कुत्रा ढकलतो."

वर्लिनने विचार केला. त्याच्या कपाळावर घाम आला. कारखान्यातले अवजड बॉयलर सांभाळणारा माणूस, त्याने हातातल्या मांजराने कुत्र्याला हळूच ढकललं आणि वर पाहिलं.

"चुकलं," थोरा म्हणाली. या वेळी आवाज बरा निघाला.

"चुकलं?"

"चुकलं. मी सांगते, ऐक. ढकलतो कोण? कुत्रा. आधी ढकलणारा हातात घे. घेतलास? आता मांजराला ढकल."

त्याने ढकललं.

"बरोबर."

त्याने मान खाली घातली. रेनेने तोंड फिरवून नळ सोडला. टेबलाखालचं रडणं केव्हाच थांबलं होतं. एक पिवळं डोकं बाहेर आलं, बापाच्या हातातल्या मांजराकडे पाहू लागलं, मग बापाकडे. तिने बोट दाखवलं.

"बाबा चूक," मारित म्हणाली.

त्या घरात तिने दोन शब्द जोडून म्हटल्याचं अजून कुणी ऐकलं नव्हतं. टेप नव्हती, कॅल्विन नव्हता.

"हो," वर्लिन म्हणाला. "बाबा चूक. तू ये. तू कर."

थोरा पुढे दर शनिवारी जात राहिली. बर्फाचं वादळ असलं तर नाही. त्या मुलखात वादळात कुणी बाहेर पडत नाही. मारित लवकर शिकली असं म्हणता येणार नाही. तिला शाळेत वेगळा वर्ग लागला आणि तो वर्लिनने घ्यायला लावला. बाराव्या वर्षीही तिला लांब वाक्य पेलायचं नाही, आणि मोठी झाल्यावरही घाईत तिचे शब्द मागेपुढे होत. पण चुकल्याची तिला भीती वाटत नसे. "थांब, परत सांगते," असं ती कुणालाही म्हणे, पाद्रीलासुद्धा. शाळा तिने पूर्ण केली आणि वृद्धाश्रमात नोकरी धरली, जिथे कुणालाच घाई नव्हती. वर्लिन मुलीच्या शनिवारांत मागे बसून वाचायला शिकला. चाळिशी गाठेपर्यंत तो वर्तमानपत्रातले बीटचे भाव स्वतः वाचायला लागला आणि वाचून झाल्यावर ते कसे चुकीचे आहेत, हे रेनेला सांगायला लागला.

अर्डिसला सांगायचं थोराने त्याच उन्हाळ्यात केलं. अर्डिस तेव्हा एकटीच राहत होती. ऑर्विल जाऊन काही वर्षं झाली होती. थोराने तिच्या व्हरांड्यात बसून सगळं सांगितलं, वर्गाचंही, जिन्यावरचंही. अर्डिस घेवड्याच्या शेंगा मोडत होती. शेंगा संपेपर्यंत ती मोडतच राहिली.

"मलाच कळायला हवं होतं," शेवटी ती म्हणाली. "तुम्ही नेस्विगांच्या ना? आपल्यातलं माणूस एवढ्या वेळा छान म्हणतं होय?"

"ते तुमच्यावर नका घेऊ, अर्डिस."

"मग कुणावर घेऊ? तुम्ही तर सगळं आपल्यावरच घेऊन बसलात. थोडं मला ठेवा." तिने टोपली बाजूला सारली. "मी त्या शाळेच्या बाईला दारातून परत पाठवलं, नेस्विग बाई. साधी कॉफीसुद्धा विचारली नाही. आपल्यात असं करतात का?"

थोरा तिच्याजवळ संध्याकाळपर्यंत बसली. त्यानंतर ती शनिवारी येताना अर्डिसला गाडीत घेऊन येऊ लागली. अर्डिस नातीच्या शेजारी बसे, आणि तिलाही कधीकधी चुकलं असं ऐकावं लागे.

अभ्यास थोराने पुढे कॅल्विनच्या हाती दिला. मारितचं नाव किंवा आकडा त्यात कधी आला नाही.

अर्डिस ब्रेक्के १९९४ सालच्या फेब्रुवारीत, छातीच्या दुखण्याने वारली. थोरा नेस्विग २००८ सालच्या ऑक्टोबरात, बीटची काढणी चालू असताना, मारित कामाला होती त्याच वृद्धाश्रमात वारली. तेव्हा ती सत्त्याहत्तर वर्षांची होती.